रामाकोन्याच्या बागेतली डुकरीण

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते. मी तेव्हा सौसरच्या पोलीस थाण्यात फौजदार होतो. बोरगावकडच्या एका मोठ्या वराहपालन केंद्रातून गाभण डुकरीण चोरीला गेल्याची तक्रार मालकाने दिली. गुन्हा नोंदवून मी घटनास्थळी गेलो.

शेडमध्ये लोखंडी नळ्यांच्या पिंजऱ्यांच्या रांगा होत्या. एका पिंजऱ्यात एक मादी. उठता-बसता येईल, पण वळता येणार नाही एवढीच जागा. विण्याला आलेली एक मादी सिमेंटवर सारखी नाक घासत होती. नाक सोलून निघालं होतं.

"मोकळी सोडली तं पिल्लायवर बसते, चेंगरून मारते, साहेब," मालक म्हणाला.

मी मान हलवली आणि दाराचं कुलूप तपासलं. ते तुटलेलं नव्हतं. म्हणजे काम आतल्याच कोणाचं तरी.

कामगारांच्या चौकशीत काही निघालं नाही. मग एका संत्रा व्यापाऱ्याने खबर दिली की रामाकोन्याजवळच्या बागेत डुकराची पिलं ओरडताना त्याने ऐकली. बाग शेडच्या सुपरवायझरच्या मेहुण्याची निघाली. सुपरवायझरला थाण्यात आणून बसवलं. त्याला खरोखरच काही ठाऊक नव्हतं. थोड्या वेळाने त्याची बायको आपणहून आली. महिला शिपायासमोर तिचा जबाब घेतला.

"याच्या खिशातून चाबी मीच काढली. भावाची गाडी बोलावली. याचा डबा द्यायले जातो मी शेडात. ती डुकरीण पिल्लायसाठी जागा करून राहिली होती, साहेब. खाली नुसतं सिमेट. माह्याच्यानं पाहवलं नाही."

तिला घेऊन बागेत गेलो. संत्र्याच्या झाडाखाली डुकरिणीने माती उकरून, वाळलं गवत आणि कापसाच्या पऱ्हाटीच्या काड्या तोंडाने आणून गोल घरटं केलं होतं. पिलं तिला चिकटून पीत होती. पंचनामा झाला. पिलं गाडीत टाकली. डुकरीण मात्र गाडीला लावलेल्या फळीवर चढेना. शिपायांनी काठ्या उगारल्या, तशी ती बाई पुढे झाली.

"मारू नोका. मी चढवतो तिले."

पदरात संत्री घेऊन, हळूहळू काही बोलत ती फळीवरून पुढे चालली. डुकरीण निमूट तिच्या मागे चढली. खाली उतरल्यावर बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. "कुठं सही करू?" एवढंच विचारलं.

डुकरीण आणि पिलं मालकाच्या ताब्यात दिली. मालकाने पुढे तडजोड केली आणि बाई सुटली. वरिष्ठांनी माझं कौतुक केलं. कायद्याप्रमाणे नीट केलेल्या कामाचीही लाज वाटू शकते, हे मला त्या प्रकरणात कळलं.

डुकरीण परत दिली त्या रात्री घरी जेवताना बायकोने विचारलं होतं, "सापडली का ती डुकरीण?"

"सापडली."

"मंग आता कुठं हाय?"

"होती तिथंच," मी म्हणालो आणि ताटावरून उठलो.