भूल देणारा आतेभाऊ

लोकांना झोपवणारा, पण स्वतः कोणालाही स्वस्थ बसू न देणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच: माझा आतेभाऊ. हृदयाच्या ऑपरेशनला तो भूल देतो. आधी डॉक्टरकी, मग भूलशास्त्र, मग त्यातही नुसतं हृदयाचं, असा तो मुंबईत इतकी वर्षं शिकत राहिला, की चांदूर बाजारात त्याच्यासाठी पाहिलेल्या मुलींना पोरं झाली. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेले आम्ही दोघंच पहिले, त्यामुळे सगळ्यांना जाब आम्हीच द्यायचा. "इतकं शिकून नुसतं झोपवतं काय बे? आपला मास्तर तं अख्खा वर्ग झोपवते," असं एका काकांनी म्हणताच हा उसळला, "काका, झोपवाले अक्कल लागत नाही. उठवाले लागते!"

झोपलेला माणूस दिसला की याची नजर त्याच्या छातीवर. एकदा परतवाड्याच्या एसटीत शेजारी घोरणाऱ्याचा श्वास अडकला, तर यानं सरळ त्याची हनुवटी धरून वर उचलली. तो दचकून ओरडला, "गळा दाबून राहिला काय बे?" "दाबून नाही, मोकळा करून राहिलो. झोप आता!"

शिक्षण संपल्यावर मुंबईच्या सरांनी त्याला विचारलं, अमरावतीत जाऊन हृदयाची भूल कोणाला देणार? त्या वर्षांत पेपरात वऱ्हाड यायचं ते शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्यांपुरतं. यानं मुद्दाम वऱ्हाडीतच ठणकावलं, "सर, आमचे लोक मरतेत तेवढंच तुमी वाचता. त्याइले जगवाचं कोनं?" आणि पेटी उचलून परत आला.

मग माझ्या आईच्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली. अकोल्याचे नातेवाईक म्हणाले, मुंबईला न्या, इथं जिवाशी खेळ कशाला? मी म्हटलं, इथंच. कचरला तो आतेभाऊच. "आपल्या माणसाले भूल देऊ नये, हात थरथरते," म्हणत तो दुसऱ्या डॉक्टरला बोलवायला निघाला. आई खाटेवरून गरजली, "काहून? लोकाइले चालते तुया हात, अन् मामीले नाही? दुसरा आला तं मी घरी चालली!" तो हात धुवायला आत गेला.

हृदय थांबवलं, झडप बदलली, पुन्हा चालू केलं. बाहेर आम्हाला कळत होतं ते एवढंच, की दार अजून बंद आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला आत बोलावलं. अंगात कालचेच कपडे. आईच्या घशातली नळी त्यानं स्वतः काढली. तिनं डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं, ओठ हलवले, आवाज फुटेना. मग घोगरं काहीतरी आलं, "जेवला काय रे बाबू?"

साऱ्या दुनियेला तोंडावर उत्तर देणारा माणूस. ऑपरेशन तर केव्हाच संपलं होतं, तरी त्यानं गळ्यात लोंबणारा मास्क पार डोळ्यांपर्यंत वर ओढला.