मोजे घालून तेब्यावर

टोकियोजवळच्या ग्योतोकुहून शुक्रवारी निघालो तेव्हा बायकोने डब्यात थालीपीठं दिली आणि आईने ठाण्याहून फोनवर दम दिला. “तेब्यावर चढल्याशिवाय परत येऊ नकोस!” आम्ही बेने इस्रायल ज्यू आमच्या सिनेगॉगला मशीद म्हणतो, आणि तिच्यातला तेबा म्हणजे कठडा लावलेला उंच चौथरा. तोरा (आमचा धर्मग्रंथ) तिथूनच वाचतात. बाबांना जाऊन वर्ष होत होतं. बँकेने रजा दिली नाही, म्हणून ठाणं हुकलं. निदान आमच्यासारखाच तेबा असलेल्या कोबेच्या सिनेगॉगात तरी कद्दीश (मृतांसाठीची प्रार्थना) म्हणायची होती, आणि तिला दहा ज्यू पुरुष हजर लागतात. नऊच असले तर देव घरी नसतो.

थालीपीठं गाडीतच संपली. कोबे हे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अंग चोरून बसलेलं शहर आहे. शनिवारी सकाळी चढावर एका आजीबाईंनी मला रस्ता सांगितला. मी तरीही चुकीचा वळलो, तेव्हा त्या धावत मागे आल्या आणि कमरेत वाकून माझीच माफी मागू लागल्या.

सिनेगॉगात एझ्रा आजोबा भेटले. घराणं मूळचं बगदादचं, वय ऐंशीच्या घरात, कारभार सगळा त्यांच्याकडे. मला धरून आम्ही नऊ जण होतो.

“२०११च्या मोठ्या भूकंपानंतर परदेशी मंडळी आपापल्या देशांत पळाली,” ते म्हणाले. “भूकंप झाला तिकडे उत्तरेला, बाकं रिकामी झाली आमची.”

तास गेला. मी दारात जाऊन रस्ता बघून आलो. तेवढ्यात पाठीला बॅग लावलेले एक गृहस्थ इमारतीचा फोटो काढायला आत डोकावले. इस्रायलमधल्या हैफाचे दंतवैद्य, सुट्टीवर आलेले. आजोबांनी आधी त्यांचा दंड धरला, नमस्कार नंतर केला. दहावा मिळाला! दंतवैद्य शेवटच्या बाकावर बसले आणि पाच मिनिटांत झोपले.

मला वाचनासाठी बोलावणं आलं. तेब्याला तीन पायऱ्या होत्या. जपानमध्ये जमीन एका पायरीने वर गेली की बूट खाली काढायचे, हे तीन वर्षांत माझ्या पायांना इतकं मुरलं होतं की डोक्याला विचारायच्या आत त्यांनी बूट काढले.

आजोबा वरून बघतच राहिले. “तुम्ही कोहेन आहात?” कोहेन म्हणजे पुरोहित कुळातले. आशीर्वाद देताना तेच बूट काढतात.

“नाही हो, बँकेत आहे.”

गडबडीत माझा पाय लागून एक बूट लाकडी जमिनीवर आपटला. दंतवैद्य दचकून उठले. सगळं आटोपलं असं समजून त्यांनी बॅग उचलली आणि दाराकडे निघाले. मी मोज्यांनीच धावलो, गुळगुळीत जमिनीवर घसरलो आणि त्यांच्या बॅगेला लटकलो.

“माझ्या वडिलांसाठी थांबा हो,” मी म्हणालो. आवाज इतका रडवेला निघाला की माझी मलाच लाज वाटली.

ते परत बाकावर जाऊन बसले. मी वर चढलो, वाचन झालं, आणि कद्दीशला तोंड उघडलं तर मागून घोरणं ऐकू आलं.

“एखादा झोपला तर चालतो,” आजोबा कुजबुजले. “गेलेला चालत नाही. म्हणा तुम्ही!”

मी कद्दीश म्हटली. आठ जणांनी आमेन म्हटलं, नववे घोरले.

रविवारी ग्योतोकुला परतल्यावर आईला फोन केला. कद्दीश झाली, पण दहावा माणूस झोपलेला होता, ते मनाला खातंय, असं सांगितलं. आता बोलणी बसणार म्हणून मी तयारीत राहिलो. तर ती हसायला लागली.

“अरे, तुझे बाबा तरी आपल्या मशिदीत कधी जागे होते? तेब्यामागचं बाक मुद्दाम धरायचे. खालून दिसत नसे कोणाला. पण आम्ही बायका वर सज्जात! इतकं घोरायचे की मी शेजारणीशी मोठ्याने बोलायची, तेवढंच झाकलं जावं म्हणून.”

आणि ती पुन्हा हसली, ठसका लागेपर्यंत. वर्षभर बाबांचं नाव निघालं की तिला रडूच यायचं. मी फोन कानाशी घट्ट धरून नुसता ऐकत राहिलो.