सातव्या आठवड्यातली चाचणी

विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत टेक्निशियन बाईने सहज विचारलं, मुलगा की मुलगी जाणून घ्यायचंय का? मी चटकन दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून. नागपुरात या प्रश्नाची जागा भिंतीवरच्या पाटीने घेतलेली असते, गर्भलिंगनिदान हा गुन्हा आहे. इथे अमेरिकेत, फ्रीमाँटमध्ये, ती बाई माझ्या पोटावरचं जेल पुसता पुसता विचारत होती. नवरा म्हणाला, सांगा. मुलगी होती. पार्किंगमध्ये मी आनंदाने रडले. ही दोन हजार सहाची गोष्ट.

रविवारी कॉलिंग कार्डावरून सासरी फोन लावला. तिथला फोन स्पीकरवर असायचा, सगळं घर ऐकायचं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे. पहिली बेटी, धनाची पेटी." त्या 'असू दे'ने माझं डोकं फिरलं. काहीतरी ठसक्यात बोलायचं म्हणून मी म्हणाले, "इथे तर आता सातव्या आठवड्यातच सांगतात. किट मागवायचं, बोटातलं थोडं रक्त त्यातल्या कार्डावर लावून लॅबला पोस्टाने पाठवायचं. आमच्या शेजारणीने केलं." उचलली जीभ लावली टाळ्याला.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघत होते, तेवढ्यात थोरल्या जाऊबाईंचा फोन आला. त्यांना दोन मुली.

"मी पीसीओवरून बोलून राहिले," त्या म्हणाल्या. "मला दिवस गेलेत. घरी अजून कोणालाच सांगितलं नाही. भाऊजी पुढच्या आठवड्यात इकडे येऊन राहिले ना? त्यांच्यासोबत ते किट पाठवशील?"

"बघते, वहिनी," म्हणून मी फोन ठेवला, आणि त्या दिवशी फ्रीवेवर माझा एक्झिट चुकला.

दोन मुलींची आई हे कशासाठी विचारते, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं मला वाटलं. मुलगी निघाली की काढून टाकणार. माझ्या पोटात माझी मुलगी लाथा मारत होती आणि मी संतापाने धुमसत होते. तरी 'नाही' म्हणवत नव्हतं. जाऊ म्हणून त्यांनी माझं फार केलं होतं. लग्नानंतर सासरी काढलेल्या चार महिन्यांत माझ्या हातून बिघडलेली प्रत्येक भाजी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली होती. ऑफिसात मी त्या किटची वेबसाइट उघडायची, पत्ता भरायची आणि बंद करायची. नवरा म्हणाला, "कॅन्सल कर यार हा विचार. मुलगी निघाली तर पुढे काय होईल, ते आपल्या डोक्यावर." मला हेच ऐकायचं होतं.

"वहिनी, ते विकणं बंद झालंय," त्यांचा पुन्हा पीसीओवरून फोन आला तेव्हा मी धडधडीत खोटं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. मग मला काय खावंसं वाटतं, ते विचारलं.

मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. पण चैन पडेना. स्वतःचे आठवडे सोडून मी त्यांचे मोजत बसायची. नऊ झाले, अकरा झाले. स्वयंपाक करताना गॅस बंद केला का, हे तीनदा बघायची. आता सोनोग्राफीत दिसायला लागेल, पण तिकडे कोण सांगणार, कायदा आहे, असं मनाला बजावायची. पुढे एका रविवारी सासूबाई म्हणाल्या, "मोठीला जरा बरं नाही, झोपली आहे." मी पुढे विचारलं नाही. विचारायची भीतीच वाटली.

दुसऱ्या वर्षी सात महिन्यांच्या लेकीला घेऊन नागपूरला गेलो. जाऊबाई तिला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. घरात दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी माझ्याकडे न बघताच सांगितलं.

"चौदाव्या आठवड्यात यांनी नेलं मला. गावाबाहेर एक डॉक्टर होता, सांगायचा. मुलगी होती."

त्यांनी तळहातावर आणखी थोडं तेल घेतलं.

"मला आधी कळायला हवं होतं. यांना कळायच्या आत. मुलगी असती तर मी दोघींना घेऊन माहेरी निघून गेले असते, सहा महिने तोंड दाखवलं नसतं. आणि मुलगा असता तर उगाच घर कशाला मोडा?"

"मग तेव्हा सांगितलं का नाही, वहिनी?"

"पीसीओत मागे माणसं उभी होती." त्यांनी लेकीचा पाय हळूच सरळ केला. "आणि मला वाटलं, तू विचारशील. कशाला हवंय, एवढं तरी विचारशील."

लेक त्यांच्या मांडीवर खिदळत होती. तिला उचलून घ्यायला माझे हात पुढे होईनात.