ठेवायला दिलेली सवत

लग्न होऊन मी टोकावड्याजवळच्या या घरात आले, तेव्हा सासूबाईंनी मला देवघरातल्या देवांची एकेक करून ओळख करून दिली. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेले टाक होते सगळे. खंडोबा, देवी, मग घरातले वाडवडील, ओळीनं बसलेले. सगळं दाखवून झाल्यावर त्यांनी वरच्या कोनाड्यातून पत्र्याची एक डबी काढली. तिच्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लहानसा टाक होता आणि त्यावर एक बाई उभी होती.

"ही आपली नाय," त्या म्हणाल्या. "हिला हात लावू नको. पावनी हाय."

मी पहिल्यापासून फटकळ. म्हटलं, "कधी जाणार पाहुणी?"

सासूबाई हसल्या नाहीत. झाकण लावलं आणि डबी जागेवर ठेवली.

तो सवतीचा टाक होता. पहिली बायको मेली आणि दुसरी करून आणली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात. मेलेलीनं घरात घुटमळू नये, नवीवर जळू नये म्हणून. दुसरीनं रोज तिला हळदकुंकू लावायचं, नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, पहिला घास तिचा काढायचा, आणि हे मरेपर्यंत करायचं. माझ्या माहेरी शहापूरकडेही हे होतं, पण दुसऱ्याची सवत सांभाळणारं घर मी इथंच पाहिलं.

झालं होतं ते असं. पलीकडच्या गावात सासूबाईंची एक मैत्रीण होती. लावणीला एकमेकींच्या शेतात जायच्या, भाकर वाटून खायच्या. पुढं धरण बांधलं आणि त्या गावात पाणी चढायला लागलं. गाव उठलं त्या दिवशी ही मैत्रीण धावत आली, गळ्यातला दोरा काढून सासूबाईंच्या ओंजळीत ठेवला आणि म्हणाली, "घर लागलं का चार दिसांत नेते. तवर हिला उपाशी ठेवू नको." सासूबाईंनी हो म्हटलं. मैत्रीण गेली ती गेलीच. मग सासूबाई रोज त्या परक्या बाईला कुंकू लावत राहिल्या. पितृपक्षात सवाष्ण मेलेल्यांची नवमी असते, त्या दिवशी तिचं वेगळं पान मांडत राहिल्या. वर्षाला हिरव्या बांगड्या आणत. माझ्यासाठी कधी न सांगता बांगड्या आणल्या नाहीत हो, पण तिच्यासाठी चुकल्या नाहीत.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही असं तेव्हा सगळ्यांना सांगायचे. दुपारी घरात एकटी असले की मात्र मला खरं काय ते कळायचं. आमचे हे माळशेजच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान चालवायचे, सासूबाई शेतावर. मी देवघराकडे पाठ करून केस विंचरायला बसायचे आणि वाटायचं, मागं कुणीतरी आपली पाळी यायची वाट बघत बसलंय. फणी ठेवली की उचलेल. एकदा चिडून मी डबी उघडली. चिंचेनं घासून घासून त्या बाईचे डोळे पुसले गेले होते. नाक नव्हतं, तोंड नव्हतं, तरी बघत होती. "काय बघतेस?" मी ओरडले. "तुझी माणसं येत नाहीत त्यात माझा काय दोष?" मग माझी मलाच भीती वाटली आणि मी उन्हात ओट्यावर जाऊन बसले. संध्याकाळी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "चहा कर आधी."

अशी दहाएक वर्षं गेली असतील. मग सासूबाई अंथरुणाला लागल्या. मुरबाडच्या डॉक्टरांनी सांगितलं, घरीच ठेवा, जे मागतील ते खायला द्या. त्यांनी खायला काही मागितलंच नाही. एक दिवस माझा हात धरून म्हणाल्या, "माज्या जीवात जीव हाय तवर तिला तिच्या घरी पोचव गो. शब्द मी दिला, तू नाय दिला. मी गेल्यावर ती तुज्या मानेवर बसंल."

मी म्हटलं, "माझ्या मानेवर बसायला तिला जागा नाही, तिथं तुमचा मुलगा आधीच बसलाय." त्या हसल्या आणि लगेच रडायला लागल्या. इतकी वर्षं या बाईला मी रडताना पाहिलं नव्हतं. त्या जायच्या आत ती मैत्रीण किंवा तिचं कुणी रक्ताचं शोधायचं, एवढं एकच मग डोक्यात राहिलं.

शोधायला हाताशी काय होतं? मैत्रिणीचं सासरचं नाव, आडनाव, बुडालेल्या गावाचं नाव. आणि सासूबाईंना एवढं आठवत होतं, की त्या घराचं देवक मोरवेल. लग्नात मांडवात ज्या झाडाची डहाळी पुजतात ते देवक. एका देवकाची माणसं भाऊबंद धरतात, त्यांच्यात लग्न होत नाही. गाव उठून लोक कुठं कुठं पांगले होते, एकेका आडनावाची ढीगभर घरं झालेली, पण देवक सोबत जातं. म्हणून मी लग्नसराई धरली. कुठंही हळद असली की जायचं. बायका हळदीला बसल्या की कुणाची कोण, कुठून दिलेली, कुणाकडं आणलेली, हेच तर चाललेलं असतं. तिथं मूळ गावच्या बायका हेरायच्या आणि विचारायचं, तुमचं देवक काय?

हे विचारताना आपण काय करतोय ते माझ्या ध्यानात आलं नाही. डोळखांबच्या बाजूला एका घरी मोरवेल निघाली. मी आनंदानं दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले, कुळी विचारली, वडिलांचे वडील विचारले, आजीचं माहेर विचारलं. घरची मंडळी एकदम अदबीनं वागायला लागली. पोहे आले. मग आतून एक मुलगा आला, नवा शर्ट घातलेला, केसाला तेल लावून, आणि माझ्यासमोर खाली मान घालून बसला. त्याची आई म्हणाली, "शेतीत बी काम करतो आन कंपनीत बी जातो." त्यांना वाटलं मी कुणा मुलीसाठी स्थळ बघायला आलेय! मी खरं सांगितलं तेव्हा मुलगा उठून गेला आणि त्याच्या आईनं पोह्यांची बशी माझ्या हातातून काढून घेतली. अर्धे पोहे राहिले होते.

पण त्याच बाईनं मला फाटकापर्यंत पोचवताना सांगितलं, की ती मैत्रीण त्यांच्याच भावकीतली. "आमाला सोडून गेली ती. समद्यांनी बदल्यात जमिनी घेतल्या, हिनं नवऱ्याला वढत आसनगावला नेलं. कुनाच्या लग्नाला नाय, कुनाच्या मयताला नाय. आमचं काय चुकलं ते बी नाय सांगितलं." मला तेव्हाच ओळखायला हवं होतं की ज्या बाईनं सगळं गोत तोडलं, तिला काहीतरी लपवायचं असणार.

आसनगावला स्टेशनच्या मागच्या चाळीत घर सापडलं. दार एका तिशीतल्या बाईनं उघडलं. ती मुलगी. तिचं सासर दोन गल्ल्या पलीकडं, रोज सकाळी येऊन आईची वेणी घालायची. आई खाटेवर बसलेली, अर्धी वेणी झालेली. मी माझं गाव सांगितलं, सासूबाईंचं नाव सांगितलं, आणि म्हटलं, "तुमची एक वस्तू आमच्याकडं आहे."

म्हातारीचा हात आपसूक गळ्याशी गेला. तिथं काही नव्हतं. मुलीला म्हणाली, "जा बाय, दूध आन. पावनीला च्या कर." मुलगी गेली आणि म्हातारीनं माझं मनगट असं धरलं की वळ उठले.

"परत घेऊन जा," ती म्हणाली. "हिला ठाव नाय."

"काय ठाऊक नाही?"

"का तिची आई त्या टाकात हाय."

मी खाली बसले. ती भरभर बोलत होती, मुलगी यायच्या आत संपवायचं होतं तिला. "मी आले तवा ही पाळन्यात. पहिली बाळंतपनात गेलेली. माज्या गळ्यात तिचा टाक आन मांडीवर तिची पोर. वाढवली. माजीच झाली. पन मोठी होत गेली तशी गळ्यातल्या टाकाशी खेळायची. माज्या अंगावर झोपून त्या बाईशी बोलायची. तिचा मुका घ्यायची, माजा नाय. लोक म्हनतात मेलेली जिवंतीवर जळते. मी मेलेलीवर जळायला लागले गो! मंग पानी आलं. म्हटलं, बरं झालं. गाव बुडतंय, बोलनारी तोंडं पांगतायत, हिला बी मागं ठेवते. माजी पोर माजी राहील."

मला दया यायला हवी होती. आधी आला तो संताप. "आणि माझ्या सासूनं काय करायचं?" मी म्हटलं. "तुमच्या सवतीचं सगळं इतकी वर्षं तिनं केलं. आता मरायला टेकलीय आणि तुमच्या शब्दापायी डोळे मिटत नाही. ती गेली तर मी काही हिला कुंकू लावत बसणार नाही. नदीत सोडीन."

म्हातारीनं हात सोडला. मुलगी दूध घेऊन आली. चहा झाला, मी प्यायले. निघताना मुलगी दारापर्यंत आली, "कसली वस्तू हो?" मी म्हटलं, "आईला विचारा." असं म्हणायला नको होतं, असं कल्याण गेलं तरी घोकत होते.

घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. "येडी गो ती," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी डबी कोनाड्यातून काढायला लावली आणि उशाशी ठेवून घेतली. त्यानंतर मी ज्या ज्या वेळी त्या खोलीत गेले, त्या त्या वेळी मला तिथं दोन माणसं पडलेली आहेत असं वाटायचं. सासूबाई पुटपुटायच्या ते माझ्याशी नसायचं. मी जेवणाचं ताट ठेवून पळायचे.

आणि एक दिवस भर दुपारी रस्त्यावर यष्टी थांबली. म्हातारी उतरत होती, मुलीच्या खांद्याचा आधार घेऊन. घरात तीन मुलगे होते तिला, तरणेताठे. त्यातला एकही तिनं बरोबर घेतला नव्हता.

दोघी मैत्रिणींनी एकमेकींना बघितलं. समोरची ही म्हातारी कोण, हे जणू त्यांना समजेना. सासूबाईंनी पडल्या जागेवरून डबी पुढं केली. "घे बाय. उपाशी नाय ठेवली."

म्हातारीनं टाक काढला. मला वाटलं पदरात बांधेल आणि जाईल. तिनं तो मुलीच्या तळहातावर ठेवला आणि तिची मूठ मिटवली. "ही तुजी आई," म्हणाली. "मी मागून आले."

मुलगी आधी हसली. मग तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, सासूबाईंकडं पाहिलं, आणि कुणीच हसत नाही हे तिला कळलं. तिनं मूठ उघडली. तो डोळे पुसलेला चेहरा तिनं नखानं चाचपला. मी भिंतीला टेकून उभी होते. मुलगी किंचाळेल, टाक फेकेल, निघून जाईल, सगळं मनात येऊन गेलं. म्हातारी खाली बघत होती, मार खायला बसल्यासारखी.

"नाव काय होतं तिचं?" मुलीनं विचारलं. आवाज अगदी साधा.

म्हातारी म्हणाली, "माजं हाय तेच."

"म्हंजे?"

"लगीन होऊन आले त्याच दिशी सासूनं पहिलीचं नाव मला ठेवलं. घरातल्या समद्या भांड्यांवर ते घातलेलं. म्हने पुन्यांदा कुठं खरवडत बसायचं." ती थांबली. "तुजा बाप ज्या नावानं हाक मारायचा ना, ती तिला असायची. ओ मी द्यायचे."

इतकी वर्षं मी घाबरत होते ते डबीतल्या बाईला. दुसऱ्या बाईच्या नावानं जगून दमलेली ती माझ्यासमोर जमिनीवर बसली होती, केस पिकलेली, आणि तिच्यासाठी कुणी कधी पान मांडलं नव्हतं. मला रडू फुटलं. मी पदर तोंडात कोंबला.

मुलगी खाली बसली, तिच्या गुडघ्याला गुडघा लावून. "मग तुझं काय?"

"काय माजं?"

"नाव. माहेरचं. तुझं तुझं."

म्हातारीला लगेच सांगता आलं नाही. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मग तिनं सांगितलं, इतकं हळू की सासूबाईंनी मान पुढं काढली. त्यांनाही ते पहिल्यांदाच कळत होतं. मी ते ऐकलं, पण इथं लिहिणार नाही. ते लिहायचा हक्क माझा नाही.

मुलीनं ते नाव एकदा स्वतःशी म्हटलं. मग जरा मोठ्यानं, म्हातारीकडं बघून. म्हातारीनं ओ दिली, आणि ओ देताना तिचा बांध फुटला. मुलीनं टाकाचा दोरा म्हातारीच्या गळ्यात बांधला, मागं गाठ मारली, वरून पदर सारखा केला.

"आये, ऊठ," ती म्हणाली. "परतीची यष्टी जायची."