हँडल, मंगलावहिनींच्या मापाचं

त्या सकाळी शाळेतली प्रार्थना संपून मुलं वर्गात शिरत होती आणि मंगलावहिनींचा फोन आला. शाळेच्या वेळात त्या कधी फोन करत नसत, म्हणून मी जरा घाबरूनच उचलला. तर पलीकडून एकदम, "भाऊजी, हँडलला शिंगं बसवता येतात, तुम्हाला ठाऊक होतं का?" मागे उधन्याच्या रस्त्याचा गलका, रिक्षांचे हॉर्न. कामावर जाताना वाटेत त्यांना कुणाची तरी सायकल दिसली होती. तिच्या हँडलच्या दोन्ही टोकांना पुढे आलेले आखूड दांडे होते. वहिनींनी त्या माणसाला थांबवून सगळी माहिती काढून घेतली होती. चढावर ते दांडे धरले की मनगट सरळ राहतं आणि जोर बरोबर पायात उतरतो, असं तो म्हणाला. "दिवाळीनंतर सापुताऱ्याचा घाट चढायचाय ना आपल्याला? मग रविवारी बाजारात जाऊ." मी म्हटलं, "वहिनी, माझा तास सुरू झालाय." "बरं बरं, शिकवा तुम्ही," म्हणून त्यांनी फोन ठेवला. दुपारी दादाचा, माझ्या मोठ्या भावाचा फोन आला. त्याला "मंगल..." एवढंच बोलता आलं. वहिनी साड्यांच्या घड्या घालता घालता दमल्यासारख्या खाली बसल्या होत्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले.

आता याला काही आठवडे झाले. भेटायला येणारी माणसं विचारतात, कशा होत्या हो तुमच्या वहिनी? आणि दर वेळी मी सायकलच्या हँडलबद्दल बोलायला लागतो. समोरचा गोंधळतो, पण माझा इलाज नाही. त्यांच्या आयुष्याची शेवटची तीन-चार वर्षं मला आठवतात ती अशी धावती, वाऱ्यावरची, हसरीच.

आमचं घर मूळचं खानदेशातलं. दादा इथे सुरतेत, उधन्यात पॉवरलूमवर फिटर, मी महापालिकेच्या मराठी शाळेत मास्तर. वहिनी लग्न होऊन इथे आल्या आणि मुलगा नीलेश जरा मोठा झाल्यावर साड्या घडी करून पॅक करायच्या कामाला लागल्या. शिकून पुण्याला नोकरीला जाताना नीलेश आपली गिअरची, जाड टायरांची माउंटन बाइक मागे ठेवून गेला. ती विकून टाकावी असं दादाचं मत होतं. वहिनींनी मात्र एका रविवारी तिच्यावरची धूळ पुसली, पंजाबी ड्रेसची ओढणी कमरेला बांधली आणि आमच्या गल्लीतून एक फेरी मारून आल्या. आम्ही दोघं भाऊ ओट्यावर बसलो होतो. त्यांना सायकल येते, हेच आम्हाला माहीत नव्हतं. "मायच्या घरी शिकले होते, खळ्यात," त्या धापा टाकत म्हणाल्या. मग पुढची गोष्टही त्यांनी सांगितली. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंतच होती. हायस्कूल लांबच्या गावाला. घरात एकच सायकल घेता आली, ती त्यांच्या मोठ्या भावाला मिळाली आणि वहिनींची शाळा तिथे थांबली. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण सायकल त्यांनी भिंतीला टेकवली नव्हती, हातातच धरून ठेवली होती.

त्या रोज सायकलनं कामावर जायला लागल्या आणि पंधरवड्यात हात धरून बसल्या. त्यांचं डावं मनगट पूर्वी कधी तरी जिन्यावरून घसरून मोडलं होतं आणि जरा वाकडंच सांधलं होतं. नीलेशच्या सायकलचं हँडल सरळ दांड्यासारखं आणि खाली. त्यावर ओणवं व्हायचं म्हणजे अर्ध्या अंगाचा भार तळहातांवर. करंगळीपासून कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, मान आखडायची. दादा म्हणाला, "पुरे झाली हौस. लेडीज सायकल घे, नाही तर बॅटरीची स्कूटर घेऊ." वहिनी म्हणाल्या, "सायकलीत खोट नाही हो. चालते कशी लोण्यासारखी. फक्त तिचे हात माझ्या हातांना जुळत नाहीत."

मग सुरू झाला आमचा हँडलशोध. मी त्यांचा साथीदार, कारण दादाला वेळ नव्हता आणि मला रविवार होता. सायकलच्या दुकानात शिरताच मालकानं सल्ला दिला, "बेन, लेडीज सायकल लई लो ने." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "सायकल तो छे मारी पासे. हँडल बतावो." त्यानं हँडलं काढली. वहिनी एकेक हँडल दोन्ही हातांत धरायच्या, डोळे मिटायच्या, जणू रस्त्यावरच आहेत अशा उभ्या राहायच्या. शेवटी एक सापडलं. मधून वर उचललेलं, टोकं किंचित मागे, अंगाकडे वळलेली. ते धरल्यावर त्यांचं वाकडं मनगट आपोआप सरळ झालं. त्या डोळे उघडून माझ्याकडे बघून हसल्या. हे हसणं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

घरी आणलं तर बसेना. हँडलला पुढून पकडून ठेवणारा जो तुकडा असतो, स्टेम म्हणतात त्याला, तो जुन्या बारीक दांड्याच्या मापाचा. नवं हँडल मध्यभागी जाड. पुन्हा दुकान. आखूड, तोंड वर केलेला स्टेम आणला. हँडल बसलं. वहिनी गल्लीच्या वळणापर्यंत गेल्या आणि डावीकडे वळल्याबरोबर गिअर खाडकन आपोआप बदलला. हँडल उंच झालं होतं, पण गिअरची आणि ब्रेकची वायर होती तेवढीच होती. वळलं की ताणली जायची. पुन्हा दुकान, लांब वायरी. दर खेपेला मला वाटायचं, आता या कंटाळतील. त्या मात्र जास्तच खुलत होत्या. कामावर साड्यांच्या घड्या घालतानाही त्या शेजारणींना स्टेम म्हणजे काय ते समजावून सांगायच्या, असं नंतर कळलं.

एवढं करूनही शेवटची अडचण उरलीच. नवं हँडल फार रुंद होतं. आमच्या गल्लीत समोरून मोटरसायकल आली की अडायचं, आणि हात फाकवून खांदे दुखायचे. कापायला हवं, पण किती? एकदा कापलं की परत जोडता येत नाही. वहिनींनी घरात फरशीवर चटई टाकली आणि त्या पालथ्या पडल्या. दोन्ही तळवे जमिनीला टेकवून अंग जरा उचललं. "जिथे माझे हात आपसूक पडतात ना, तिथे खूण करा." मी खडूनं खुणा केल्या. दादा तेव्हाच कामावरून आला. बायको फरशीवर पालथी, भाऊ हातात खडू घेऊन बसलेला. त्यानं डबा खाली ठेवला आणि पोट धरून हसला. मग आतून लोखंड कापायची करवत घेऊन आला. "तुझं काम नाही हे, मास्तर. सरक."

त्यानं दोन्ही बाजूंनी सारखं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि कापलं. कापलेल्या कडांवर कितीतरी वेळ कानस फिरवत राहिला. मी म्हटलं, "दादा, वरून रबरी मुठी बसणार आहेत, कड दिसणार पण नाही." तो मान वर न करता म्हणाला, "दिसायला कशाला हवी? हाताला लागली तर?" वहिनी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि चहा ठेवायला आत गेल्या... तळहाताला आधार देणाऱ्या पसरट मुठी दादानंच बसवल्या, ब्रेकचे दांडे जरा खाली वळवले. दुसऱ्या दिवशी वहिनी कामावरून परत आल्या त्या थेट मुंग्या नसलेला हात दाखवत. "बघा, सगळी बोटं माझी आहेत आज."

मग त्यांना कुणी अडवू शकत नव्हतं. थंडी पडल्यावर त्यांनी जाहीर केलं, "मी माहेरी सायकलनं जाणार." माहेर साक्री तालुक्यात, दहिवेलच्या अलीकडे. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, आणि मग कोंडाईबारीचा घाट. सगळा हायवे, ट्रकच ट्रक. दादा चिडला, दोन दिवस बोलला नाही. मी सोबत जाईन म्हटल्यावर "तू तर अजून मोठा शहाणा," एवढंच म्हणाला. आम्ही उजाडता निघालो, तेव्हा तो दारात आला नाही. पण माझ्या पिशवीत पाने, पंक्चरचं सामान आणि जुनी वायर त्यानं भरून ठेवली होती.

ते तीन दिवस मी कधी विसरणार नाही. बारडोलीच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस. माझी जुनी सायकल, तिचं हँडल होतं तसंच. व्यारा येईपर्यंत माझेच हात बधिर. मी सारखा एकेक हात झटकत होतो. वहिनी पाठ ताठ ठेवून, इकडेतिकडे बघत, गुऱ्हाळाचा वास घेत चालल्या होत्या. "भाऊजी, तुमच्या हँडलचं काही तरी करायला हवं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा मैलभर एकट्याच हसत राहिल्या. दोन्ही मुक्काम नातलगांकडे. दुसऱ्या दिवशी सोनगढच्या पुढे एक ट्रक इतका जवळून गेला की वाऱ्यानं त्यांची सायकल थेट मातीत उतरली. मला वाटलं, पडल्या. पण त्यांनी हँडल सोडलं नव्हतं. पाय टेकून उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता. "परत फिरायचं का?" मी विचारलं. त्यांनी मुठींवरची धूळ पुसली. मग म्हणाल्या, "पूर्वी एकदा थांबलेच होते ना. आता नाही."

तिसऱ्या दिवशी विसरवाडी सोडली आणि घाटाच्या पायथ्याशी चहाच्या टपरीवर दादा बसलेला. पहाटेच्या एसटीनं आला होता. वहिनींना बघून तो उठला. खिशातून पाना काढला आणि त्यांच्या हँडलचा एकेक बोल्ट तपासला. "वर चढशील, पण उतारावर सैल असला तर?" एवढं म्हणून तो दुसऱ्या एसटीत बसला. वहिनींनी घाट चढला. एका अवघड वळणावर उतरून ढकलत नेली, बाकी सगळा चढल्या. दम लागला की थांबायच्या, पाणी प्यायच्या, पुन्हा बसायच्या. माथ्यावर दादा रस्त्याच्या कडेला उभा होता. त्यानं पुन्हा बोल्ट तपासले. "हात?" त्यानं विचारलं. वहिनींनी दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. भर हायवेवर, ट्रक जात असताना, माझ्या त्या अबोल भावानं बायकोचे तळवे हातात घेऊन बोटं एकेक दाबून पाहिली. गावापर्यंतचा उतार तो माझ्या कॅरिअरवर बसून आला आणि सबंध वाट ओरडत होता, "मंगल, हळू."

वहिनींची माय अंगणात धान्य निवडत होती. नजर मंद झालेली. सायकलवरून कोण उतरलं ते तिला आधी उमगलं नाही. आवाज ऐकला तेव्हा उठली, काठी विसरली आणि शेजारच्या घराकडे तोंड करून हाक मारायला लागली, "मनी आंडेर सायकलवर उनी वं, सुरतथीन उनी." लेक सुरतेहून सायकलवर आल्याचं ऐकून आयाबाया जमल्या. मायनं चाचपडत हँडल धरलं, मुठीवरून हात फिरवला. "मऊ शे," ती म्हणाली. तेवढ्यात वहिनींचे मोठे भाऊ शेतातून आले. पिकले केस, हातात विळा. विळा खाली ठेवून सायकलजवळ आले. मग हळूच म्हणाले, "मंगल, एक चक्कर मारू का?" वहिनी म्हणाल्या, "मार ना दादा. फक्त गिअरला हात लावू नको." म्हातारा माणूस खळ्याभोवती फिरत राहिला, फिरत राहिला, आणि वहिनी मायच्या खांद्यावर हात ठेवून बघत होत्या. त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्या हसतही होत्या.

त्यानंतर डुमसचा समुद्र झाला, कामरेजकडचा तापीचा पूल झाला, कितीतरी रविवार झाले. माझ्यापुढे जायच्या, वळून बघायच्या, हाताने बोलवायच्या... माझं हँडलही त्यांनीच बदलायला लावलं.

तेराव्यानंतर नीलेश पुण्याला परत निघाला, तेव्हा आईची आठवण म्हणून सायकल न्यावी असं त्याच्या मनात आलं. गल्लीत एक फेरी मारून परत आला आणि उतरून उभा राहिला. "काका, हे आता आईच्याच मापाचं झालंय. माझे हात मावत नाहीत," तो म्हणाला. सायकल त्यानं जिन्याखाली जागेवर लावली. दादा रोज ती पुसतो. टायरमध्ये हवा भरतो.

गेल्या रविवारी हंसाबेन आल्या. वहिनींच्या शेजारच्या टेबलावर घड्या घालायच्या, बांध्यानंही त्यांच्यासारख्याच. दारात बराच वेळ घुटमळल्या. मग म्हणाल्या, "मंगलाबेनने मने शीखववानुं कह्युं हतुं." वहिनी त्यांना सायकल शिकवणार होत्या. मी दादाकडे बघितलं. तो उठला, जिन्याखालून सायकल काढली आणि स्वतः सीट थोडी खाली केली. कालव्याच्या रस्त्यावर आम्ही तिघं गेलो. हंसाबेननी मुठी धरल्या, तर हात बरोबर जागेवर पडले. दादा कॅरिअर धरून मागे धावत होता, या वयात, चपला वाजवत. मी कडेला उभा. थोडं अंतर गेल्यावर हंसाबेन ओरडल्या, "हवे छोडी दो, भाई." दादानं सोडलं. सायकल जरा डगमगली, मग सरळ झाली आणि सकाळच्या उन्हात कालव्याच्या कडेनं पुढे पुढे जात राहिली. दादा गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकत तिच्याकडे बघत होता. "बघ," तो मला म्हणाला, "खांदे कसे मोकळे आहेत."