रेघेवर कापलेलं जॅकेट

आमच्या घरात सुट्टी म्हणजे गुरुवार. भोसरीतले कारखाने त्या दिवशी बंद आणि लाइटही गेलेली. पप्पा एका कंपनीत फिटर. रविवारी जग फिरायचं तेव्हा ते कामावर, म्हणून माझी चैन गुरुवारी संध्याकाळी. इतर मुली बागेत चला म्हणून रडायच्या, मी पिंपरी कॅम्पातल्या कपड्यांच्या गल्लीत चला म्हणून. काचेमागच्या पुतळ्यांचे गळे, बाह्या, घेर डोळ्यांनी पिऊन घ्यायचे आणि घरी येऊन कागदावर काढायचे. पप्पा पिशवी धरून बाहेर उभे. "झालं का माय बघून?" एवढंच विचारायचे. शहरात आता मोठमोठे मॉल झालेत, होऊ देत. माझी जागा तीच.

त्या गल्लीच्या जोरावरच मी चिंचवडला फॅशन डिझाइनच्या कोर्सला गेले. आईला ते कधी पटलं नाही. शेवटच्या वर्षाचा शो शुक्रवारी होता आणि पुण्यातला एक स्टुडिओ आमच्या वर्गातून एकीलाच नोकरीला घेणार होता. ती एक मी नसले, तर सोमवारपासून चाकणच्या एका कंपनीत वायरी जोडायच्या लाइनवर उभं राहायचं. मामानं तसं बोलून ठेवलं होतं, आईनं डबासुद्धा आणून ठेवला होता. नवा स्टीलचा डबा ओट्यावर बघितला की मी त्यावर फडकं टाकायचे.

शोसाठी मी पप्पांच्या जुन्या युनिफॉर्मचं जॅकेट करायला घेतलं. कितीतरी वर्षांचे शर्ट-पँट आईनं पोत्यात भरून ठेवले होते. प्रत्येकाचा निळा वेगळा, कुठं उन्हानं विटलेला, कुठं ऑइलनं काळवंडलेला. असलं कापड कुठल्याच दुकानात मिळत नाही. शिवाय एक तुकडा वाया गेला तर दुसरा नाही.

गुरुवारी सकाळी फरशीवर सगळे तुकडे अंथरले, खडूनं रेघा मारल्या. ह्या रेघा शिलाईच्या. कापायचं त्याच्या बाहेरून, शिवणीत दाबायला कापड सोडून. हे शिवणाऱ्या कुणालाही सांगावं लागत नाही, म्हणून मीही बोलले नाही. जॅकेटची चेन आणायला कॅम्पात गेले. लाइट संध्याकाळी येणार, मग मशीन, असा हिशेब होता.

परत आले तर पप्पा दारातच. चेहरा नुसता फुललेला.

"तुझा वेळ वाचवला. सगळं कापून ठेवलो बघ. एक सूत इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

मी फरशीकडे बघितलं. सगळे तुकडे बरोब्बर खडूच्या रेघेवर कापलेले, कडा अशा सरळ की वाटावं मशीननं मारल्यात. का नाही कापणार? रेघेच्या बाहेर लोखंड राहिलं की पीस रिजेक्ट, आत गेलं की भंगार, ह्यातच हयात गेली त्यांची. पण आता हे जोडायचं कशानं? शिवणीत कापड दाबलं की जॅकेट एवढंसं होणार, मॉडेलच्या अंगात शिरणारच नाही.

माझं डोकं सणकलं. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं हात लावायला? कापड म्हणजे काय लोखंड आहे? त्यापेक्षा सरळ सांगा ना, चाकणलाच जा म्हणून!"

"अगं ए, बापाशी बोलतीस!" आई आतून ओरडली.

पप्पांनी खाली बसून एक तुकडा हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला. "किती कमी पडतंय?" त्यांनी विचारलं. मी दोन बोटं दाखवली. ते उठले, कपाटातून दिवाळीला मिळालेला युनिफॉर्म काढला. घडीही न मोडलेला.

"ह्याच्या पट्ट्या काढ. दोन तुकड्यांच्या मधी घाल."

"आणि तुम्ही काय घालणार?"

"दोरीवर हाय की एक. रोज धुवायचा. काप तू."

आई आतून आली, युनिफॉर्मकडे बघितलं आणि तशीच परत गेली. ओला युनिफॉर्म घालून गेलं की गेटवर काय ऐकून घ्यावं लागतं हे तिघांनाही माहीत होतं. पण मी कापला. काय करणार? लाइट आली तशी मशीनवर बसले. पप्पा पट्ट्या हातात देत होते आणि प्रत्येक पट्टीला विचारत होते, "रेघेवर का बाहेर?" त्या "का बाहेर"नं मला आणखी राग यायचा, आणि रडूही.

शुक्रवारी पप्पांची सेकंड शिफ्ट. शो बघून थेट कंपनीत जायचं म्हणून युनिफॉर्ममध्येच आले आणि शेवटच्या रांगेत कडेला बसले. वर्गातली मैत्रीण माझं जॅकेट घालून चालली तेव्हा मी नुसत्या शिवणी बघत होते. बसलं! खांद्याला, कमरेला, अगदी बरोब्बर. विटक्या निळ्यांच्या मधून नव्या कापडाच्या गडद रेघा गेल्या होत्या.

स्टुडिओच्या मॅडमनी माइक माझ्याकडे द्यायला लावला. "ह्या गडद पट्ट्या का?"

बाकीच्या मुलींनी इंग्रजीत काय काय सांगितलं होतं. मीही पाठ केलं होतं, ह्या पट्ट्या म्हणजे शहरातले रस्ते वगैरे. ते सोडून दिलं. मग मी म्हणाले, "कटिंग माझ्या वडिलांचं आहे मॅडम. त्यांनी रेघेवर कापलं, म्हणून पट्ट्या घालाव्या लागल्या."

"वडील आलेत? कुठं आहेत? जरा उभे राहता का?"

पप्पा उभे राहिले. हात मागे बांधलेले, मान खाली. साहेब काम तपासायला आले की उभे राहतात तसे. सगळा हॉल वळून बघत होता. जॅकेटचं कापड आणि त्यांच्या अंगावरचं कापड एकच, हे आत्ता सगळ्यांना दिसलं असेल.

"चूक माझी हाय मॅडम," ते म्हणाले. "पीस रिजेक्ट करा. पोरीला करू नका."

मला रडू फुटलं. हातातला माइक चालू होता, ते हुंदके सगळ्या हॉलभर ऐकू गेले. मॅडम म्हणाल्या, "बसा दादा. काहीच रिजेक्ट नाही. मुलगी सोमवारपासून आमच्याकडे येतेय."

तरी ते बसेनात. मी माइकवरूनच म्हणाले, "पप्पा, बसा ना." तेव्हा बसले.