वहाळात नाय टाकायचं

पोल्ट्रीची शेड बांधून झाल्यावर कंपनीचा माणूस आमच्या खळ्यात आला. खुर्चीत बसला, चहा प्यायला आणि उकिरडा उकरत असलेल्या माझ्या कोंबड्यांकडे बोट करून म्हणाला, ह्या काढाव्या लागतील. गावठी कोंबडी बाहेर हिंडते, काहीही खाते, तिच्यामुळे शेडमधल्या पक्ष्यांना रोग लागतो. करारातच तसं लिहिलंय म्हणाला. माझ्या दिरानं लगेच मान हलवली. नवरा माझ्याकडे बघत नव्हता.

त्या कोंबड्या माझ्या होत्या. लग्न होऊन भिसेगावातून ह्या खालापूरच्या बाजूच्या गावात आले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पिलावळीतली एक तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मला दिली होती. तिच्यापासून वाढत गेलेला तो कळप. दिवसभर वरकसात, घरामागच्या उताराच्या जमिनीत, फिरायच्या, किडे-वाळवी खायच्या, संध्याकाळी आपणहून खुराड्यात यायच्या. त्यांना मी कधी औषध पाजलं नाही. आणि आता त्या रोगाचं मूळ ठरल्या होत्या. मी सांगितलं, कोंबड्या इथंच राहतील. कंपनीचा माणूस हसला आणि दिराला म्हणाला, घरात ठरवून घ्या.

शेड बांधली तीही वरकसातच. पूर्वी तिथं नाचणी व्हायची, नंतर नुसतं गवत उरलं होतं, पण त्या गवतावर आमच्या गाई जगत होत्या. शेडसाठी ती जागा सपाट केली तेव्हा गाई विकल्या. माझा नवरा आणि दीर दोघंही आधी कर्जतला नोकरीला जायचे. नोकऱ्या गेल्या, त्यामुळे दोघांना घरबसल्या काहीतरी हवं होतं, हे मला समजत होतं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. आपण फक्त वाढवायचं. दीर हे सगळ्यांना कौतुकानं सांगायचा. मी एकदा विचारलं, मेलेलं कोणाचं?

भाच्याच्या बारशाला मी माहेरी गेले होते. परत आले तर खळं ओकंबोकं. खुराड्याचं दार उघडं. सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही. दिरानं सगळ्या कोंबड्या टेंपोत घालून हायवेवरच्या ढाब्याला दिल्या होत्या. तिथं मुंबईची माणसं गावठी कोंबडी मागून खातात. पडवीच्या कोपऱ्यात माझी एक खुडूक कोंबडी डालग्याखाली अंड्यांवर बसवलेली होती, तीही नेली होती. अंडी तशीच तुसात पडली होती. हात लावला तर गार. एक फोडून बघितलं, आत पिल्लू पुरतं तयार झालं होतं, चोचसुद्धा.

मी ते अंडं तसंच दिराच्या ताटाशेजारी नेऊन ठेवलं. तो जेवत होता.

"वहिनी, जेवताना हे काय?"

"बघून घ्या," मी म्हटलं. "रोग हाय तो."

तो ताटावरून उठला. नवरा मला म्हणाला, तू अति करतेस. त्यानंतर बरेच दिवस मी दोघांशी कामापुरतंच बोलले.

शेडमध्ये मात्र मी पाऊल टाकलं नव्हतं. वास येत होताच. माश्या इतक्या झाल्या होत्या की जेवताना एका हातानं वारायला लागायचं. वाळत टाकलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या हंड्यावर, सासूबाई झोपल्या की त्यांच्या तोंडावर. दीर म्हणायचा, सवय होईल.

मग मे महिन्यात एका दुपारी डीपी जळाली. पंखे थांबले आणि बोअरची मोटरही. कंपनीची गाडी पक्षी न्यायला यायची त्याला थोडेच दिवस उरले होते, सगळे पुरे वाढलेले. नवरा धावत घरी आला, घागरी-बादल्या जे असेल ते घेऊन चल म्हणाला. त्याचा चेहरा बघून मी निघाले.

आत शिरले आणि दारातच थांबले. पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे पांढरे पक्षी चोची उघड्या टाकून, पंख पसरून एकमेकांना चिकटून बसले होते. बाहेरच्यापेक्षा आत जास्त तापलं होतं आणि तुसातून उठणारी वाफ डोळ्यांना झोंबत होती. आम्ही फवारणीचे पंप पाठीला लावून पाणी मारलं, गोणपाटं भिजवली. एका पक्ष्यावर मी ओंजळीनं पाणी टाकलं. तो उठायला गेला. छाती एवढी जड की पाय दोन बाजूंना फाकले आणि तो तोंडावर पडला. पुन्हा उठायला गेला नाही. माझ्या कोंबड्या असल्या उन्हात करवंदीच्या जाळीखाली ओल उकरून बसायच्या. ह्यांनी जाळी पाहिली नव्हती, ओल पाहिली नव्हती. लवकर वजन भरावं एवढ्यासाठी जन्माला घातलेला जीव, आणि ते वजनच त्याला उठू देत नव्हतं. मी पाणी मारत होते. राग कोणावर काढू ते कळत नव्हतं. समोर नवरा रडत होता.

ऊन कलेपर्यंत निम्म्याहून जास्त मेले. दिरानं कंपनीला फोन लावला. पलीकडून सांगितलं, फोटो काढून पाठवा आणि विल्हेवाट लावा. कुठं लावा, हे कोणी सांगितलं नाही.

दोघांनी मेलेले पक्षी गोण्यांत भरले आणि गोण्या टेंपोत. मी विचारलं, कुठं नेताय? दीर म्हणाला, वहाळात.

आमचा वहाळ, गावाखालचा ओढा, उन्हाळ्यात वरून कोरडा दिसतो. पण खालच्या ठाकरवाडीच्या बायका त्याच वाळूत झिरा उकरून पाणी भरतात. त्यांना दुसरं पाणी नाही.

"वहाळात नाय टाकायचं," मी म्हटलं. "खड्डा खणा."

"खाली कातळ हाय, वहिनी. आता कुठनं खणू? पावसात जाईल वाहून. सगळे तेच करतात."

सगळे तेच करतात, हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी टेंपोच्या मागं धावले नाही. टेंपोचा रस्ता फेऱ्याचा होता; मी पायवाटेनं उतरून सरळ वाडीत गेले. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईला मी ओळखत होते, ती लावणीला आमच्याकडे यायची. तिला धापा टाकत सांगितलं. तिनं दोन घरांत हाक मारली, रिकामा हंडा उचलला आणि निघाली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

टेंपो पोचला तेव्हा आम्ही झिऱ्याभोवती वाळूत बसलो होतो. दीर खाली उतरला, मला बघितलं आणि आधी शिव्या दिल्या, मग माझं माहेर काढलं. मग बायकांना म्हणाला, बाजूला व्हा. कोणी हललं नाही. म्हातारी एवढंच म्हणाली, "पोरांना काय पाजू, ते सांग रं."

नवरा गाडीतच होता. त्यानं स्टिअरिंग फिरवलं आणि टेंपो मागं घेतला.

दुसऱ्या दिवशी जेसीबी आणून खड्डा खणला. दिराला तो लांब बांधापलीकडे हवा होता. मी म्हटलं, आपल्याच वरकसात, घराच्या अंगाला. नासलं तर वास आपल्याला आला पाहिजे. आला. चुना टाकूनही पावसापर्यंत येत राहिला. सासूबाई पदर नाकाला लावून बसायच्या, पण मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. नवरा म्हणाला, गावासमोर लाज काढलीस. मी म्हटलं, लाज तुम्ही टेंपोत भरून नेत होतात.

पुढची पिल्लं कंपनीनं पाठवली, शेड चालूच आहे. आता जनरेटर आहे, छतावर फवारे आहेत. पक्षी तसेच, जड, उठता न येणारे. वहाळाच्या वरच्या अंगाला आणखी एक शेड होणार असं कळल्यावर मी आणि वाडीतल्या बायका ग्रामसभेला गेलो. मेलेला पक्षी ज्याच्या शेडचा त्यानं त्याच्याच जमिनीत पुरावा, असा ठराव मागितला. पुढच्या खुर्च्यांवर हसणारे होते, दीरही त्यांच्यात होता. बायका उठेनात म्हणून शेवटी ठराव लिहिला गेला.

लिहिला म्हणून कोणी पाळत नाही. म्हणून मी रोज सकाळी, रात्रीत मेलेले पक्षी बाहेर काढतात तेव्हा, शेडच्या मागं जाऊन उभी राहते. दीर माझ्याकडे बघतो, तोंडातल्या तोंडात शिवी देतो आणि फावडं उचलतो.